ल्वारच्या काठी, माझ्याशिवाय

ज्योती गेल्याचं मला कंपनीच्या शटलमध्ये कळलं. सकाळची वेळ होती, बस इथे कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या सिग्नलला उभी होती आणि आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तिच्या नवऱ्याचा, अनिलचा मेसेज आला. दोनच ओळी. पहाटे गेली, शांतपणे गेली. खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. मी फोन पालथा करून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की मला वेगळा फोन का नाही केला? बाकीच्यांच्या बरोबरीने, ग्रुपवर कळावं मला? आज काही आठवड्यांनी हे लिहिताना त्या तक्रारीचं हसू येतं. खरी तक्रार अजून यायची होती.

आमची ओळख अपार्टमेंटच्या कपडे धुण्याच्या खोलीत झाली. तेव्हा दोघींची लग्नं नवी, व्हिसा नवे, आणि सगळ्या बिल्डिंगला मिळून ड्रायर दोन. माझे कपडे वाळून तसेच आत पडले होते आणि मी पुस्तक वाचत बसले होते. दारातून खणखणीत आवाज आला, "ओ पुण्याच्या मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही? ड्रायर थांबला ना कधीचा." मी पुण्याची हे तिला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाली, "पुस्तकाला कव्हर घातलंय ना तुम्ही." ही नागपूरची ज्योती. चिप तपासणाऱ्या टीममध्ये इंजिनीअर. उंच, लांब ढांगा टाकत चालणारी, कुठल्याही खोलीत शिरली की खिडकी उघडणारी. आठवडाभरात 'मॅडम'चं 'मंजू' झालं. पुढे आमच्या मुली एकत्र वाढल्या. तिच्याकडची आंबेडकर जयंती आणि आमच्याकडचा गणपती, दोन्हीकडे स्वयंपाकघरात आम्हीच दोघी असायचो. तिची रिया मला मावशी म्हणते, आणि त्यापुढचं सगळं इंग्रजीत बोलते.

सायकल ज्योतीने आणली. नागपुरात ती कॉलेजला सायकलने जायची आणि उतारावर हँडल सोडून द्यायची, असं ती सांगायची. मला खोटं वाटायचं, पण एकदा इथे तिने करून दाखवलं तेव्हा माझाच श्वास अडकला. तिच्यामागे मीही सायकल घेतली. मग एका संध्याकाळी मोठ्या रस्त्यावर, कडेच्या पट्ट्यातून मी जात असताना उभ्या गाडीचं दार उघडलं आणि मी त्याच्यावर आदळले. खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण गाड्यांची भीती बसली ती बसलीच. शेजारून गाडी गेली की मी उतरून उभी राहायचे. मी सायकल विकायला काढली. ज्योतीने ती जाहिरात बघितली आणि तडक घरी आली. हातात लॅपटॉप होता. "हे बघ," म्हणाली. कसलासा व्हिडिओ होता. एक कालवा, दोन्ही बाजूंना उंच झाडं आणि काठाने जाणारी सपाट वाट. पूर्वी या वाटेवरून घोडे दोराने नावा ओढत नेत असत; आता तिथे फक्त सायकली. "फ्रान्स आहे. ल्वार नदी. अशी वाट दिवसचे दिवस चालते, मंजू. मध्ये किल्ले, जुने मठ, आणि गाडी एक नाही. एकही नाही. तिथे कोण दार उघडणार तुझ्यावर?"

हे मला नीट नोंदवून ठेवायचं आहे, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. तो रस्ता तिने माझ्यासाठी शोधला होता. माझ्या भीतीसाठी. तिला स्वतःला कुठलाही रस्ता चालला असता.

मग आम्ही तयारीला लागलो. आमच्याकडे खाडीच्या कडेने मिठागरांच्या बांधावरून मातीची वाट जाते. तिथेही गाड्या नाहीत. दर शनिवारी सकाळी आम्ही तिथे. खाऱ्या चिखलाचा वास, लांब चोचींचे पक्षी, आणि समोरून येणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वारा. ज्योती पुढे निघून जायची आणि वळणावर एक पाय टेकून थांबायची. मी पोचले की "आलीस?" म्हणायची, आणि मी पाण्याची बाटली काढेपर्यंत पुन्हा पुढे. मी चिडायचे, "अगं, तुझी विश्रांती झाली, माझी कधी व्हायची?" ती हसायची. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि मला वाटायचं, तिलाही ते आवडतं. आम्ही फ्रेंच शिकायला घेतलं. तिचं 'बोंझूर' इतकं ठणठणीत असायचं, की फ्रान्समधला माणूस दचकेल असं मी म्हणायचे. मी वाट आखली. नवेर या गावातून सुरुवात, कालव्याच्या काठाने ब्रिआर, तिथून नदीकाठाने सुलीचा पाण्यातला किल्ला, पुढे ऑर्लेआँ. ब्रिआरला एक लोखंडी पूल आहे, त्यावरून रस्ता नाही, कालवा जातो. खाली नदी, वर कालवा. हे वाचलं तेव्हा आम्ही दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या पिटत होतो. त्या गावात मी एक छोटं गेस्टहाउस शोधलं होतं. माडीवरच्या खोलीच्या खिडकीतून कालवा दिसायचा. "ही खिडकी माझी," मी म्हणाले होते. "घे बाप्पा," ती म्हणाली, "मला काय, मी बाहेरच राहीन."

जाणं मात्र दर वर्षी पुढे जात राहिलं. एकदा माझ्या ग्रीन कार्डाचं अडकलं, देशाबाहेर पडायची हिंमत नव्हती. मग कोविड आला. मग तिच्या टीममधून अर्धी माणसं काढली, उरलेल्यांना रजा मागायची सोय राहिली नाही. शेवटी गेल्या वर्षीचा मे महिना ठरला. रजा मिळाल्या, खोल्या ठरल्या, मी नवे बूट घालून घरात फिरायला लागले. आणि निघायच्या काही आठवडे आधी ज्योतीचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. "मंजू, आई पडली गं. कंबरेला लागलंय. मला नागपूरला जावं लागेल."

आईपुढे फ्रान्स काय? मी म्हटलं, तू जा, आपण पुढच्या वर्षी जाऊ. मी रजा रद्द केली. खोल्या रद्द करायला बसले तर म्हणाली, "ते मी कॅन्सल करते, तू नको बघू." मी तिला प्रवासासाठी थालीपीठं करून दिली. त्या दोन आठवड्यांत मी तिला बरेचदा फोन केला. ती व्हिडिओ लावायची नाही, नेटवर्क नाही म्हणायची. आई कशी आहे विचारलं, की सावकाश, नीट सांगायची. आज चार पावलं चालली, आज जेवली बरी. "ऊन फार आहे गं. रात्रीसुद्धा झळा येतात. कूलरमध्ये पाणी घालून घालून दमले." एकदा मागे घंटा वाजत होती, मोठी, देवळातल्यासारखी. मी विचारलं, तर म्हणाली, "आईनं टीव्ही लावलाय." परत आली तेव्हा मनगटांपर्यंत काळवंडली होती आणि गालफडं बसली होती. मी म्हटलं, नागपूरने तुला भाजून काढलं. तिने माझ्या हातात संत्रा बर्फीचा डबा ठेवला.

त्यानंतर काही दिवसांतच तिने मला सांगितलं, की पोटात कॅन्सर आहे, रिपोर्ट आत्ताच आलाय, पसरलाय. मी तिच्यासमोर रडले. ती मला थोपटत होती. पुढचे सगळे महिने मी तिच्याबरोबर होते. हे उपकार म्हणून सांगत नाही, माझ्या जागी ती असती तर तिनेही तेच केलं असतं, असं मी तेव्हा धरून चालले होते. केमोच्या दिवशी अनिल तिला सोडायचा आणि मी लवकर जाऊन शेजारी बसायचे, मग घरी आणायचे. तिला मऊ भाताशिवाय काही जात नव्हतं, तोही माझ्या हातचा चालायचा, अनिलचा चिकट होतो म्हणायची. आणि त्या सगळ्या दिवसांत मी तिला काय सांगत असायचे, तर फ्रान्स. सलाइनची नळी हाताला, डोळे मिटलेले, आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून आमची वाट बोलत असायचे. आता नवेर सोडलं. आता डाव्या हाताला कालव्याचं पाणी अडवणारं पहिलं फाटक, त्याच्या राखणदाराचं छोटं घर, खिडकीत लाल फुलं. आता ब्रिआरचा पूल. मला वाटायचं, तिला यातून बळ मिळतंय. एकदा पुलाचं सांगत असताना ती डोळे न उघडता म्हणाली, "दोन्ही बाजूंना दिवे आहेत त्याच्यावर. उंच. आणि खाली बघितलं की गरगरतं." मी म्हटलं, "व्हिडिओत एवढं कुठे दिसलं तुला?" तिने मान पलीकडे वळवली. मला वाटलं, झोप लागली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सांता क्लारातल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये होता. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, शेजारी ज्योतीचा. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण, पंचशील. मी पुढच्या रांगेत रियाशेजारी बसले होते. लोक येऊन मलाही भेटत होते, जसं घरच्या माणसाला भेटतात. मग रियाने तयार केलेली फोटोंची मालिका पडद्यावर लागली. नागपूरचं घर, दोन वेण्यांची ज्योती, लग्न, लहान रियाला टोपी घालणारी ज्योती. आमचे दोघींचेही होते, मिठागरांपाशी, वाऱ्याने डोळे बारीक झालेले. आणि मग एक फोटो आला. ज्योती सायकल धरून उभी, केस उडालेले, तोंडभर हसू. मागे एक लांब लोखंडी पूल, दोन्ही बाजूंना उंच दिवे, आणि पुलावर पाणी.

पुढचा फोटो, पाण्यातला किल्ला. पुढचा, एक छोटी खोली, उघडी खिडकी, खिडकीत पाठमोरी ज्योती आणि बाहेर कालवा. ती खिडकी मी ओळखली. मी निवडली होती.

माझ्या मागे कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "शेवटची ट्रिप ना ही? व्हॉट अ वूमन, यार." म्हणजे लोकांना माहीत होतं. मी उठले आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन आमच्या गाडीत बसले. माझा नवरा मागोमाग आला, काय झालं विचारत राहिला. मला त्याला एक वाक्य नीट सांगता येईना. मी फक्त म्हणत होते, "ती नागपूरला गेली होती. मी थालीपीठं दिली होती."

अनिलला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो बिचारा आधीच कोलमडलेला, पण मी थांबले नाही. त्याने सगळं सांगितलं. रिपोर्ट एप्रिलमध्येच आला होता. डॉक्टरांनी उपचार लगेच सुरू करू म्हटलं, तर तिने थोडी मुदत मागून घेतली. आई पडलीच नव्हती, आई ठणठणीत होती. "मी म्हटलं होतं तिला, मंजूला सांग. ती म्हणाली, तू मध्ये पडू नको. मग मी नाही पडलो." आणि बर्फी? तो खाली बघत म्हणाला, "ती… मीच आणली होती. इथल्याच दुकानातून. तिनं सांगितलं, आण म्हणून." बाकी सगळं मी कसंबसं गिळलं असतं, पण त्या बर्फीपाशी माझा आवाज चढला. आम्ही घरी सगळ्यांनी ती चवीने खाल्ली होती. अस्सल नागपूरची आहे, इथे अशी मिळतच नाही, असं मी चार जणींना सांगितलं होतं.

तिच्याबरोबर गेली होती केतकी. आमच्या ग्रुपमधली, मुंबईची, पस्तिशीतली, वाऱ्यासारखी सायकल चालवणारी पोर. ग्रुपमध्ये येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. तिने मला स्वतःहून फोन केला आणि आम्ही मिठागरांच्या वाटेवरच्या बाकावर भेटलो. ती आधीच रडवेली होती.

"मंजूताई, मला वाटलं तुम्हाला माहितीये. तिकडे पोचल्यावर कळलं, की तुम्हाला सांगितलंच नाहीये. मी म्हटलं, ज्योतीताई, धिस इज नॉट राइट. तर त्या मला म्हणाल्या, तू सायकल चालव."

"मला का नाही नेलं?" मी विचारलं. "खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

तिने डोळे पुसले. "त्या म्हणाल्या, मंजूला आजाराचं सांगितलं तर ती सारखी माझ्याकडेच बघत राहील. नाही सांगितलं, तरी…"

"तरी काय?"

"तरी मला दर वळणावर थांबावं लागेल. इतकी वर्षं थांबले, म्हणाल्या. आता एकदा मला न थांबता जायचंय."

मी ऐकून घेतलं. समोर पक्षी चिखलात चोची खुपसत होते आणि मला वाटत होतं, हे ऐकून माणसाने काय करायचं असतं? आजारी बाई होती, मरणार हे तिला माहीत होतं, तिची इच्छा होती… हे सगळं मला कळतं. पण तिने मला सांगायला हवं होतं. मला म्हणायला हवं होतं, मंजू, तू हळू आहेस, या वेळी मी तुझ्याशिवाय जाते. मला लागलं असतं. मी दोन दिवस बोलले नसते. मग तिला विमानतळावर सोडायला मीच गेले असते. माझं मन एवढं लहान आहे, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. आणि परत आल्यावर, त्या खुर्चीत पडून, तिने मला तो पूल सांगू दिला. एकदा नाही, अनेकदा. मी न पाहिलेला पूल, तो पाहून आलेल्या बाईला.

केतकी जाताना म्हणाली, "एक सांगू? त्यांना जोरात जाताच आलं नाही. पहिल्या दिवशी गेल्या, मग दम लागायला लागला. मीच पुढे जाऊन थांबायचे. त्या यायच्या, खूप वेळाने. मग चिडायच्या, माझ्यावर नाही, स्वतःवर." मला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, वाटलं. आणि मग लगेच डोळ्यांपुढे आली ती झाडांच्या रांगेतून हळूहळू येणारी ज्योती, आणि वळणावर थांबलेली भलतीच कुणी. तिथे मी असायला हवं होतं. तिची वाट बघत मी कितीही थांबले असते… मला थांबायचा कंटाळा नाही.

लोक मला समजावतात. जाणाऱ्याला माफ करावं म्हणतात. माझी मुलगी म्हणते, "आई, इट वॉज हर लाइफ." बरोबर आहे. पण मैत्री तिची एकटीची नव्हती. ती माझीही होती, आणि तिच्याबद्दल काही ठरवताना मला विचारलं गेलं नाही. या लेखात मी ज्योतीबद्दल चांगलंच लिहीन, असं अनिलला वाटत असेल. ती चांगलीच होती. माझ्या आयुष्यात तिच्याएवढं मला कुणी हसवलं नाही. आणि तिच्याएवढं कुणी फसवलंही नाही. या दोन्ही गोष्टींचं मी काय करू, ते मला कळलेलं नाही.

गेल्या शनिवारी अनिल आणि रिया गॅरेज आवरत होते म्हणून मी गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. तिची इथली सायकल भिंतीला टेकून होती, निळी, जुनी. रिया म्हणाली, "मावशी, यू टेक इट. डॅड कान्ट लुक ॲट इट." मी म्हटलं, नको. ती सायकल माझ्या उंचीची नाही, आणि तिची वस्तू घरी नेण्याइतकी मी अजून तिच्याशी बोलायला लागलेली नाही. रिया आत गेली. मी निघाले, आणि दाराशी थांबले. दोन्ही टायर पार बसले होते. हवा गेलेल्या टायरवर सायकल तशीच ठेवली की कडा चिरतात. हे मला ज्योतीनेच शिकवलं होतं, रागावून, माझी सायकल तशी ठेवलेली बघून. कोपऱ्यात पंप होता. मी खाली बसले, झडपेचं टोपण काढलं आणि हवा भरली. आधी पुढच्या चाकात, मग मागच्या. अंगठ्याने दाबून बघितलं. मग हात धुतले आणि अनिलला म्हणाले, ही कुणाला देऊ नकोस, मी शनिवारी येऊन बघून जात जाईन.